कॅड उघडण्याआधी: कांद्याच्या शेतातून शिकूया कन्सेप्ट डिझाइन

नवीन इंजिनिअर यंत्राची कल्पना घेऊन येतात तेव्हा बहुतेक वेळा लॅपटॉप उघडून थेट कॅड मॉडेलच, म्हणजे संगणकावर मापासकट काढलेलं डिझाइनच दाखवतात. नट-बोल्टसकट सगळं तयार असतं, रंगसुद्धा ठरलेला असतो. मी एकच विचारतो: हेच काम करायचे दुसरे कोणते मार्ग पाहिलेत आणि ते का सोडलेत? याला उत्तर नसेल तर कन्सेप्टचा टप्पा झालेलाच नाही. डोक्यात आलेली पहिली कल्पना तेवढी मॉडेलमध्ये उतरली आहे.

गरज नीट समजल्यानंतरचा आणि मापं, जाडी, मटेरियल ठरवण्याआधीचा काळ म्हणजे कन्सेप्ट डिझाइन. काम कोणत्या तत्त्वाने होणार, मुख्य भाग कोणते, आणि ते यंत्र कोण, कुठे, कसं वापरणार, एवढंच यात ठरतं. उत्पादनाचा ७० ते ८० टक्के खर्च डिझाइनच्या सुरुवातीलाच ठरून जातो, असं वाक्य तुम्हाला ठिकठिकाणी वाचायला मिळेल. नेमक्या आकड्यावर अभ्यासकांचं एकमत नाही, म्हणून मी तो फारसा वापरत नाही. पण त्यामागची गोष्ट खरी आहे. एकदा रोलरने काम करायचं ठरलं की बेअरिंग, शाफ्ट, मोटर, गार्ड हे सगळं मागोमाग येतंच. नंतर कितीही हुशारीने पत्र्याची जाडी कमी केली तरी रोलरचा खर्च रोलरचाच राहतो. आणि तत्त्वच चुकलं असेल तर पुढची उत्तम इंजिनिअरिंगही त्याला वाचवत नाही.

हे नुसतं सांगून कळत नाही, म्हणून एक उदाहरण धरून चालू. उन्हाळी कांद्याची पात कापण्याचं यंत्र. नाशिक, अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर), पुणे पट्ट्यातल्या वाचकांना हे काम माहीत आहे. काही भागांत याला कांदा खांडणं म्हणतात. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी हा विषय अनेक जण घेतात आणि बहुतेकांची गाडी कन्सेप्टवरच अडते.

पहिली पायरी: बांधावर जा, आणि दिवसभर थांबा

फोटो काढून तासाभरात परत येऊ नका. कांदा उपटल्यावर लगेच पात कापत नाहीत. पातीसकट कांदा शेतातच तीन ते पाच दिवस सुकू देतात, आणि तोही असा मांडतात की एका ओळीच्या पातीने दुसऱ्या ओळीचे कांदे झाकले जावेत, म्हणजे उन्हाचा चटका बसत नाही. मग महिला मजूर उकिडव्या बसून एका हातात कांदा धरतात आणि विळ्याने पात कापतात. कापताना कांद्याला दोन ते अडीच सेंटिमीटर मान, म्हणजे कांद्याला लागून असलेला पातीचा भाग, ठेवायची असते. ती अगदी कांद्याजवळ कापली तर मानेची जखम उघडी राहते, तिथून रोग आत शिरतो आणि चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या शेडमध्ये, तो सडतो. राजगुरुनगरला कांदा-लसूण संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. साठवणुकीविषयीच्या तिच्या शिफारशी काम सुरू करण्याआधी वाचून घ्या.

आता बघा, एका दिवसात तुमच्या हाती किती गोष्टी आल्या. पात ओली नसते, पण पूर्ण वाळलेलीही नसते. कांदे सगळे एका आकाराचे नसतात. मानेच्या मापात अर्ध्या सेंटिमीटरची सवड आहे. म्हणजे फार अचूक यंत्रणेची गरज नाही. आणि जिच्या हातात विळा आहे, तिचे हात कापत असतानाच खराब कांदा वेगळा टाकत असतात. हे शेवटचं निरीक्षण बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. यंत्राने पात कापली तरी निवडणी कोण करणार, हा प्रश्न उरतोच.

मजुरांना आणि शेतकऱ्याला 'यंत्र कसं हवं?' असं विचारू नका. त्यावर 'विळ्यापेक्षा जलद' असंच उत्तर येईल. गेल्या हंगामात काय झालं ते सांगा म्हणा. माणसं मिळायला किती दिवस लागले, काम रोजाने दिलं की उक्तं, मुकादमाने काय ठरवलं, पावसाचा शिडकावा झाला तेव्हा शेतात किती माल पडून होता. गोष्ट सांगताना माणूस खरी अडचण सांगून जातो. आणि एक मनापासून सांगतो: या महिलांचा हंगामाचा मोठा रोजगार हाच असतो. यंत्र आलं तर ते चालवायचं काम त्यांच्याकडे राहील का, हाही कन्सेप्टचाच प्रश्न आहे. त्यावरून यंत्राची उंची, वजन आणि आवाज ठरेल.

या पायरीचं महत्त्व सांगायला छोटूकूलचं उदाहरण चांगलं आहे. गोदरेज अँड बॉयसने सुमारे पंधरा-अठरा वर्षांपूर्वी फ्रिज नसलेल्या घरांसाठी काही करायचं ठरवलं. त्या काळात त्यांनी उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव भागातल्या गावांमधल्या महिलांना डिझाइनच्या चर्चेत सामील करून घेतलं. 'स्वस्त फ्रिज बनवा' असा प्रश्न ठेवला असता तर तोच कॉम्प्रेसर, तेच कपाट आणि कमी पत्रा असं काहीतरी झालं असतं. पण घरात ठेवायचं होतं थोडं दूध, थोडी भाजी, पिण्याचं पाणी, तेही एक-दोन दिवस. म्हणून कॉम्प्रेसरच काढला आणि विजेवर चालणारी थंड करणारी चिप घेतली. दार वरून उघडणारं केलं, कारण थंड हवा जड असते आणि झाकण वर असेल तर ती खाली सांडत नाही. वजन आठ किलोच्या आत राहिलं आणि बारा व्होल्टवरही ते चालवता येत होतं. तत्त्व बदललं म्हणून चार हजारांच्या आतली किंमत जमली. पुढे या वस्तूला गावापेक्षा शहरातला, प्रवासातला ग्राहक जास्त मिळाला, हेही लक्षात ठेवा. तंत्राचा कन्सेप्ट बरोबर असूनही 'विकत कोण घेईल' हे गृहीतक वेगळं तपासावं लागतं.

दुसरी पायरी: प्रश्न एका वाक्यात लिहा, उत्तराचं नाव न घेता

'रोलरवर चालणारं पात कापणी यंत्र' हे प्रश्नाचं वाक्य नव्हे. त्यात रोलर आधीच बसून राहिला आहे. असं लिहा: 'सुकवलेल्या कांद्याची पात, दोन ते अडीच सेंमी मान ठेवून, कांद्याला इजा न करता वेगळी करणं.' यात ब्लेड हा शब्दही नाही. पात कापलीच पाहिजे असं कुठे आहे? ती पिळून, ओढून किंवा घासूनही तुटू शकते.

मग एक पायरी वर चढा आणि विचारा, हे कशासाठी? चाळीत टिकणारा कांदा मिळावा म्हणून. आता नेदरलँड्समध्ये काय करतात ते पाहा. तिथे कांदा जमिनीत उभा असतानाच ट्रॅक्टरच्या यंत्राने वरची पात झोडपून काढतात, मग कांदा उचलतात आणि गोदामात गरम हवा सोडून सुकवतात. पात कापण्याचा प्रश्न त्यांनी सुकवण्याच्या पद्धतीत सोडवला आहे. आपल्याकडे सुकवणं ऊन आणि पातीच्या सावलीवर चालतं, म्हणून ते यंत्र जसंच्या तसं आणून चालणार नाही. यूट्यूबवर परदेशी यंत्र पाहून तसंच करायला घेणाऱ्यांनी इथे थोडं थांबावं. यंत्र नेहमी एका साखळीतली एक कडी असतं. साखळी वेगळी असेल तर तीच कडी बसत नाही.

तिसरी पायरी: हिशोब

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. फार अवघड गणित नसतं, पण निम्म्या कल्पना इथेच गळतात.

एकरी १२० क्विंटल उत्पादन धरू. एक कांदा सरासरी ६० ग्रॅमचा धरला तर एकरात २ लाख कांदे झाले. हा आकडा बरोबर वाटतो का, ते दुसऱ्या वाटेने तपासा. लागवड १५ बाय १० सेंमीवर असेल तर एकरात साधारण २.७ लाख रोपं बसतात. पाट, बांध आणि तुटाळ वजा केली की २ लाख बरोबर जुळतात. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आलं की त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

आता समजा तुमच्या यंत्रात माणूस एकेक कांदा हाताने खाचेत ठेवतो आणि यंत्र सेकंदाला एक कांदा कापतं. २ लाख कांद्यांना २ लाख सेकंद, म्हणजे ५५ तासांहून जास्त. आठ तासांचा दिवस धरला तर एका एकराला सात दिवस. एक एकर एका दिवसात उरकायचा असेल तर सेकंदाला सात कांदे जावे लागतील. हाताने सेकंदाला सात कांदे कोणी ठेवू शकत नाही. म्हणजे एकेक कांदा हाताने भरण्याचा कन्सेप्ट, मोटर कितीही ताकदीची लावली तरी, मोठ्या शेतकऱ्यासाठी बाद. कांदे ढिगाने आत जायला हवेत आणि यंत्राने स्वतःच त्यांची पात एका दिशेला आणायला हवी. खरी अडचण कापण्याची नाही, पात सरळ करण्याची आहे, हे या चार ओळींच्या हिशोबाने उघड केलं. कॅड मॉडेल बनवून हे कधीच कळलं नसतं.

तसाच हिशोब पैशांचा करा. यंत्र कोण घेणार? दोन एकरवाला शेतकरी वर्षातून आठ-दहा दिवस वापरण्यासाठी किती गुंतवेल? गावातली अवजार बँक किंवा शेतकरी उत्पादक कंपनी भाड्याने देण्यासाठी घेणार असेल तर यंत्र मोठं चालेल, पण ते पिकअपमध्ये चढलं पाहिजे आणि दर हंगामात वेगवेगळ्या हातांत टिकलं पाहिजे. मुकादम घेणार असेल तर ते त्याच्या टोळीबरोबर गावोगाव फिरेल. या तिघांसाठी तीन वेगळी यंत्रं होतील. एक ग्राहक आत्ता ठरवा. मी इथे अवजार बँक धरतो.

चौथी पायरी: कामं सुटी करा आणि प्रत्येकाला अनेक उत्तरं शोधा

यंत्राचं काम लहान तुकड्यांत मोडा: कांदा घेणं, पात एका दिशेला करणं, मानेचं माप राखणं, पात तोडणं, कांदा आणि पात वेगळे बाहेर टाकणं, शक्ती पुरवणं. कागदावर डावीकडे ही कामं लिहा आणि प्रत्येकासमोर आडव्या ओळीत जमतील तितके मार्ग. पात एका दिशेला करायला: जाळीच्या फटीतून खाली लोंबू देणं, पंख्याने खालून खेचणं, हवेने वर उडवणं, एकमेकांकडे उलटे फिरणारे दोन रोलर लावून त्यांच्या फटीत ओढणं. तोडायला: फिरती चकती, सरकतं पातं, तार, रोलरमध्येच पिळून तोडणं. शक्तीला: पेट्रोल इंजिन, ट्रॅक्टरचा पीटीओ (ट्रॅक्टरची शक्ती बाहेरच्या यंत्राला देणारा फिरता शाफ्ट), हातपंपासारखा दांडा. विजेची मोटर लिहा, पण शेतात वीज कधी दिवसा तर कधी रात्री येते, ही टीप शेजारी लिहून ठेवा.

या तक्त्याची पद्धत फ्रिट्झ झ्विकी यांच्या नावाने ओळखली जाते. ते मूळचे खगोलशास्त्रज्ञ; १९३३ मध्ये आकाशगंगांच्या एका समूहाचा अभ्यास करताना न दिसणाऱ्या वस्तुमानाचा अंदाज त्यांनी मांडला होता. दोन्हीकडे त्यांची सवय एकच दिसते: सगळ्या शक्यता मांडल्याशिवाय निष्कर्षावर जायचं नाही.

आता प्रत्येक ओळीतून एकेक मार्ग घेऊन जोडा. अशा रेघा ओढत किमान सहा-सात वेगळे कन्सेप्ट काढा आणि प्रत्येकाचं हाताने चित्र काढा. चित्र वाईट असलं तरी चालेल. पेन्सिलचं चित्र फेकून देताना वाईट वाटत नाही, आणि या टप्प्यात फेकता येणं फार गरजेचं आहे. कॅडवर दोन दिवस घालवलेलं मॉडेल मात्र माणूस सोडत नाही. त्याच्या बचावासाठी कारणं शोधत बसतो. सुरुवातीच्या वर्षांत मी ज्या एका घरगुती उपकरणावर काम केलं, तिथे हेच घडलं. झाकण एका हाताने उघडायचं की दोन, हे ठरण्याआधीच देखणं मॉडेल झालं, मग साच्याची ऑर्डर गेली. पहिले नमुने हातात आले तेव्हा कळलं की ओल्या हाताने ते उघडतच नाही. इंजेक्शन मोल्डिंगचा साचा लाखांत जातो. पुठ्ठ्याचं झाकण करून ओल्या हाताने उघडून पाहायला एक दुपार पुरली असती.

पाचवी पायरी: सगळ्यात मोठी शंका, सगळ्यात स्वस्त चाचणी

पूर्ण यंत्र बनवू नका. 'हे नाही जमलं तर सगळंच फसेल' अशी गोष्ट प्रत्येक कन्सेप्टमध्ये एकच असते, तेवढीच तपासा. रोलरच्या कन्सेप्टमध्ये शंका ही, की अर्धवट वाळलेली पात रोलरभोवती गुंडाळली जाईल. दोन पीव्हीसी पाइप, त्यांवर सायकलची जुनी ट्यूब, लाकडी चौकट, हाताचा दांडा. दोन दिवसांत तयार होतं. मग पन्नास कांदे घ्या आणि एकेक सोडा. प्रत्येकाची मान मोजा, कांद्याला खरचटलं का ते लिहा, पात कितव्या कांद्याला गुंडाळली तेही लिहा. चांगला आला तेवढाच दाखवायचा आणि बाकीचे विसरायचे, असं करू नका.

जाळीच्या कन्सेप्टमध्ये शंका वेगळी: हलवल्यावर पात खरंच फटीतून खाली जाते, की कांदेच फटीत अडकतात? फळ्यांच्या मध्ये फटी सोडून एक चौकट केली की याचंही उत्तर मिळतं.

आता वेळापत्रकाची एक गोष्ट, जिने अनेक प्रकल्प वाया गेले आहेत. उन्हाळी कांद्याची काढणी साधारण मार्चअखेर ते मे या काळात होते. निम्म्या झाडांच्या माना पडल्या की शेतकरी काढणीला लागतो. चाचणी या दिवसांतच करायला हवी. खरीप कांद्यावर करून चालत नाही, कारण त्याची मान जाड असते, ती तशी पडत नाही आणि पात बरीच हिरवी असते. खरीपात यशस्वी झालेला रोलर उन्हाळ्यात फसू शकतो, आणि उलटही. म्हणून हंगामाची तारीख पकडून मागे मोजा: निरीक्षण आदल्या वर्षीच्या काढणीत, हिशोब आणि तक्ता पावसाळ्यात, पुठ्ठा-पाइपची चौकट डिसेंबरपर्यंत तयार, रांगड्या कांद्यावर (खरीप आणि उन्हाळी यांच्या मधल्या हंगामातल्या) पहिली ओळख, आणि खरी चाचणी एप्रिलमध्ये. हा हंगाम गेला तर पुढचा वर्षभराने येतो.

सहावी पायरी: तुलना विळ्याशी करा

कन्सेप्ट निवडताना सगळ्यांना दहापैकी गुण देऊन बेरीज करण्याचा मोह होतो. त्यात ज्याचा आवाज मोठा त्याचा कन्सेप्ट जिंकतो. ब्रिटिश डिझाइन-शिक्षक स्टुअर्ट प्यू यांनी यावर साधा उपाय दिला. एक पर्याय मापदंड म्हणून धरायचा आणि प्रत्येक निकषावर बाकीचे पर्याय त्याच्यापेक्षा बरे, तितकेच की वाईट, एवढंच लिहायचं. अधिक, सारखं, उणे.

मापदंड म्हणून एखादा कन्सेप्ट निवडतात, पण नवख्यांना मी सांगतो की तिथे विळाच ठेवा. विळ्याची किंमत, विळ्याचं वजन, धार गेली तर काय, कांद्याला होणारी इजा, निवडणी सोबत होते का, विजेची गरज. या रांगेत तुमच्या यंत्राला किती उणे मिळतात ते पाहून डोळे उघडतात. वेगात अधिक मिळेल, पण दुरुस्ती, किंमत, निवडणी, सुरक्षितता यांत उणे येतील. मग बसून एकेका उण्यावर काम करा. निवडणीचं उणं खोडायचं असेल तर कांदे बाहेर पडतात तिथे कमरेच्या उंचीचा पट्टा किंवा उताराची फळी द्या. उभ्याने निवडणी होईल आणि महिलांच्या पाठी आणि गुडघे वाचतील. हा बदल तुलनेचा तक्ता भरण्याआधी कोणाच्या डोक्यात नव्हता. प्यूंच्या पद्धतीची खरी कमाई बेरजेत नाही. उणं खोडता खोडता दोन कन्सेप्टचे चांगले भाग एकत्र येतात आणि तिसराच, जास्त चांगला कन्सेप्ट तयार होतो, ती तिची कमाई.

तक्ता एकट्याने भरू नका. एक फॅब्रिकेशनवाला, एक शेतकरी आणि पात कापणारी एक बाई टेबलावर हव्यात. फॅब्रिकेशनवाला 'ही पट्टी गावात वाकवता येत नाही' असं सांगेल, तेव्हा वाद घालू नका, लिहून घ्या.

सातवी पायरी: दाखवण्याआधी नोंद, आणि मग एक पान

कन्सेप्ट ठरला की उत्साहाच्या भरात कृषी प्रदर्शनात मांडू नका, व्हिडिओही टाकू नका. आधी भारतीय पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोध घ्या. तो मोफत आहे. काही नवीन असेल तर तात्पुरता अर्ज दाखल करता येतो आणि संपूर्ण तपशिलाचा अर्ज त्यानंतर १२ महिन्यांत द्यावा लागतो. एका हंगामाची चाचणी त्यात नेमकी बसते. आधीच सगळ्यांसमोर मांडलेल्या गोष्टीत 'नवीन' काय राहिलं, हा प्रश्न पुढे अडचणीत आणतो. अर्ज लिहिताना पेटंट एजंटचा सल्ला घ्या.

शेवटी एक पान लिहा, एकच. वर प्रश्नाचं वाक्य. खाली निवडलेल्या कन्सेप्टचं हाताने काढलेलं चित्र आणि तो कोणत्या तत्त्वाने चालतो त्याच्या चार ओळी. मग आकडे: सेकंदाला सात कांदे, मान दोन ते अडीच सेंमी, चाचणीत पन्नासपैकी किती नीट कापले. मग अजून न सुटलेल्या शंका, आणि प्रत्येक कधी व कशी तपासणार त्या तारखा. मागच्या बाजूला सोडलेले कन्सेप्ट, प्रत्येकासमोर एका ओळीत कारण. 'पंख्याने खेचणे: धुळीने जाळी चोंदते, इंजिन मोठं लागतं' असं. पुढे दोन वर्षांनी कोणी तरी हीच पंख्याची कल्पना नव्याने घेऊन येईल. तेव्हा ही ओळ त्या माणसाचे सहा महिने वाचवेल. किंवा तोपर्यंत हलकं इंजिन मिळू लागलं असेल आणि याच ओळीवरून ती कल्पना पुन्हा उघडता येईल.

त्या पानावर गटातल्या सगळ्यांनी तारीख घालून सही करायची. मग कॅड उघडा.